ग्राहक आणि व्हेंडरने मागणीचा अंदाज एकत्र बसून काढला तर खरंच फायदा होतो का?

शेड्यूलवाली (चाकण)

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या एका टियर-वन कंपनीत (वाहन कंपनीला थेट पार्ट पुरवणाऱ्या) पीपीसीला, म्हणजे उत्पादनाच्या नियोजनाला आहे. वरून वाहन कंपनीचं शेड्यूल आमच्याकडे येतं आणि आम्ही खाली मशीनिंगवाल्यांना, फाउंड्र्यांना, प्लेटिंगवाल्यांना आमचं शेड्यूल देतो. त्यामुळे शेड्यूल बदललं की त्याचा त्रास आम्हालाही होतो आणि आमच्यामुळे दुसऱ्यालाही होतो. या दोन्ही बाजू रोज बघत असल्यामुळे हा विषय इथे मांडावासा वाटला.

हल्ली प्रत्येक सप्लायर मीटमध्ये 'कोलॅबरेटिव्ह प्लॅनिंग' असतंच. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने पोर्टलवर तीन महिन्यांचा फोरकास्ट चढवला आणि व्हेंडरने 'मिळाला' म्हणून बटण दाबलं. माझं ठाम मत आहे की एवढ्याने काहीही होत नाही. फायदा होतो, आणि चांगला घसघशीत होतो, पण त्यासाठी दोघांनी एका आकड्याला स्वतःला बांधून घ्यावं लागतं. तो आकडा चुकला तर माल कुणाच्या अंगावर पडणार, हेही आधीच लिहून ठेवावं लागतं.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सविस्तर सांगते. साधारण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या महिन्याचं पक्कं शेड्यूल येतं, आणि त्यापुढच्या दोन महिन्यांचं टेंटेटिव्ह, म्हणजे कच्चं. आता एखादं कास्टिंग घ्या. फाउंड्रीत मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग. मग मशीनिंग, मग प्लेटिंग किंवा पेंट, मग तपासणी आणि डिस्पॅच. पॅटर्न (साच्याचा नमुना) तयार असला तरी सगळं धरून चार-पाच आठवडे सहज जातात. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या लाईनला लागणारा माल फाउंड्रीने ज्या दिवशी ओतायला घेतला, त्या दिवशी तिच्या हातात पक्कं शेड्यूल नव्हतंच! तिने काम सुरू केलं ते टेंटेटिव्हवर. आणि टेंटेटिव्हच्या खाली ओळ असते: 'हा आकडा केवळ माहितीसाठी, यावर कंपनीची कुठलीही जबाबदारी नाही.'

मग व्हेंडर अनुभवातून शिकतो. टेंटेटिव्ह १०,००० आलं की तो मनात ७,००० धरतो, कारण आजवर उचल तेवढीच झालेली असते. परचेसवाल्याला माहीत असतं की हा कमीच धरणार, म्हणून तो १२,००० लिहितो. असं दोन्हीकडून चालू राहतं आणि खरा आकडा कुणाच्याच कागदावर राहत नाही. ज्या महिन्यात खरोखर १०,००० लागतात त्या महिन्यात 'लाईन थांबेल' म्हणून फोनवर फोन, कोल्हापूरहून रात्रीचा टेम्पो, जास्तीचं भाडं, आणि त्यावर भांडण. ज्या महिन्यात ६,०००च लागतात त्या महिन्यात उरलेली कास्टिंगं तेल लावून यार्डात पडून. तेवढ्यात ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की तीच कास्टिंगं पुन्हा भट्टीत.

या पद्धतीचं जे उदाहरण नेहमी दिलं जातं ते अमेरिकेतलं आहे. १९९५ च्या सुमारास वॉलमार्ट आणि लिस्टरीन बनवणारी वॉर्नर-लॅम्बर्ट यांनी ठरवलं, की दोघांनी आपापला विक्रीचा अंदाज काढायचा, एकमेकांना दाखवायचा, आणि जिथे फरक मोठा असेल तिथेच बोलायचं. हा प्रयोग आधी चक्क कागदावर झाला, संगणकाची जोडणी नंतर. दुकानात माल हजर असण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांपर्यंत गेलं, असे त्याचे आकडे प्रसिद्ध आहेत. पुढे १९९८ मध्ये तिथल्या 'व्हिक्स' या संघटनेने याची नऊ पायऱ्यांची पद्धत करून छापली.

यातला 'फरक मोठा असेल तिथेच बोलायचं' हा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो. आमच्याकडे शेकडो पार्ट नंबर आहेत, दर आठवड्याला प्रत्येकावर चर्चा करायला वेळ कुणाला आहे? एका फाउंड्रीबरोबर आम्ही असं ठरवलं, की मागच्या आठवड्यापेक्षा आकडा १५ टक्क्यांहून जास्त हलला असेल तेवढेच पार्ट बुधवारच्या फोनवर घ्यायचे. बाकीचे जसे आहेत तसे पुढे. फोन अर्ध्या तासात संपतो. त्यांच्याकडून आम्हाला काय तयार आहे, काय ओतून झालंय, कुठला पॅटर्न दुरुस्तीला गेलाय हे कळतं. आमच्याकडून त्यांना वाहन कंपनीचं मूळ शेड्यूल जसंच्या तसं जातं, आमची भर न घालता. टेंटेटिव्हमधल्या पहिल्या महिन्याच्या कच्च्या मालाची जबाबदारी आम्ही लेखी घेतली. ही शेवटची गोष्ट मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण त्यानंतर त्या फाउंड्रीचा रात्रीचा टेम्पो जवळजवळ बंदच झाला.

तुमच्याकडे कुणी असं काही करतंय का? वाहनउद्योगाबाहेरचे अनुभवही हवे आहेत.

आकडेमोड

उत्तम धागा, ताई. तुम्ही 'आमची भर न घालता' म्हणालात ते किती महत्त्वाचं आहे, हे एका छोट्या हिशोबाने दाखवतो. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा.

समजा दर दहा दिवसांना लाईनवर १०,००० नग लागतात. असेंब्लीवाला, मशीनिंगवाला आणि फाउंड्री, तिघांचाही नियम एकच: दहा दिवसांच्या मागणीएवढा साठा हाताशी ठेवायचा. आता लाईनची मागणी १० टक्क्यांनी वाढून ११,००० झाली.

असेंब्लीवाल्याला ११,००० द्यायचे आहेत आणि साठाही १०,००० वरून ११,००० वर न्यायचाय. तो मागवतो १२,०००. मशीनिंगवाल्याला दिसते १२,००० ची मागणी. तो १२,००० देणार आणि साठा २,००० ने वाढवणार, म्हणजे मागवणार १४,०००. फाउंड्रीला दिसतात १४,०००. ती साठा ४,००० ने वाढवणार, म्हणजे कच्चा माल मागवणार १८,००० नगांचा. लाईनवर वाढ १० टक्के, भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) विकणाऱ्याच्या दारात ८० टक्के!

पुढचे दहा दिवस बघा. लाईनची मागणी ११,०००च आहे, काही बदललेलं नाही. असेंब्लीवाला मागवतो ११,०००. मशीनिंगवाल्याला वाटतं मागणी पडली. तो साठा १,००० ने उतरवतो आणि मागवतो १०,०००. फाउंड्रीला १४,००० नंतर एकदम १०,००० दिसतात, ती साठा ४,००० ने उतरवते आणि कच्चा माल मागवते ६,००० चा. म्हणजे फाउंड्रीची खरेदी १०,००० वरून १८,००० आणि तिथून थेट ६,०००. यात कुणीही मूर्खपणा केलेला नाही, प्रत्येकाने आपल्याला दिसलेल्या आकड्यावर बरोबर हिशोब केलाय.

आता तिघांनाही लाईनचा आकडा थेट दिसतोय असं धरा. प्रत्येक जण साठा फक्त १,००० ने वाढवेल. मागण्या होतील १२,०००, १३,०००, १४,०००. आणि पुढच्या दहा दिवसांत तिघांच्याही ११,०००. साठ्याचा नियम तोच, माणसं तीच. फक्त माहिती वाटून घेतली तर १८,००० आणि ६,००० ऐवजी १४,००० आणि ११,०००.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं रोज तेवढीच, दुकानातली विक्री जवळपास स्थिर, पण वितरकांच्या ऑर्डरी खालीवर, आणि कंपनीने थ्रीएमसारख्या पुरवठादारांना दिलेल्या ऑर्डरी त्याहून खालीवर. १९९७ मध्ये हाउ ली, पद्मनाभन आणि वँग यांनी याची चार कारणं मांडली: आपल्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीलाच खरी मागणी समजणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, स्कीम आणि सवलतींमुळे होणारी आगाऊ खरेदी, आणि चौथं म्हणजे टंचाईत मिळेल तेवढं मिळावं म्हणून गरजेपेक्षा जास्त मागणं. या चौथ्याने २००१ मध्ये सिस्कोचं काय झालं ते प्रसिद्धच आहे. तुटवड्याच्या काळात गिऱ्हाइकांनी दोन-दोन ठिकाणी ऑर्डरी नोंदवल्या, बाजार बसल्यावर त्या हवेत विरल्या, आणि कंपनीला सुमारे २.२ अब्ज डॉलरचा साठा खर्चात टाकावा लागला.

भोसरीकर

हिशोब पटला. पण मी टियर-टूचा, म्हणजे टियर-वनला माल देणारा माणूस आहे, भोसरीत सीएनसी शॉप आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. रागाने लिहितोय असं समजू नका.

माहिती वाटून घ्या म्हणतात तेव्हा ती नेहमी खालून वर जाते. एका गिऱ्हाइकाने 'कपॅसिटी शीट' भरून घेतली: कुठलं मशीन किती तास रिकामं, किती शिफ्ट चालतात, सगळं. मी प्रामाणिकपणे भरली. पुढच्या भावाच्या बैठकीत तीच शीट समोर ठेवून सांगितलं, की तुमची दोन मशीनं अर्धा वेळ रिकामी आहेत, तेव्हा पाच टक्के कमी करा. त्यानंतर मी कुणालाच खरी शीट देत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यांतही कुणी देत नाही.

दुसरं म्हणजे पैसे. तुमच्या टेंटेटिव्हवर मी बार (धातूची सळई) आणून ठेवला तर तो माझ्या सीसी लिमिटमधून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटमधून आणलेला असतो. माल उचलला नाही तर व्याज माझं. उचलला तरी पैसे नव्वद दिवसांनी. ताई, तुमच्या कंपनीने कच्च्या मालाची जबाबदारी लेखी घेतली हे वाचून खरंच बरं वाटलं. पण आमच्याकडे येणाऱ्या किती परचेस हेडना ती सही करायचा अधिकार असतो?

शेड्यूलवाली (चाकण)

भोसरीकर दादा, तुमचा एकही मुद्दा चुकीचा नाही.

कपॅसिटी शीटबद्दल. पूर्ण शॉपची माहिती मागणं मला चूक वाटतं. नियोजनासाठी ती लागतही नाही. मला एवढंच कळायला हवं, की माझ्या पार्टसाठी तुम्ही आठवड्याला किती नगांची हमी देता, आणि आत्ता माझे किती नग कुठल्या टप्प्यावर आहेत. बाकीची मशीनं कुणासाठी चालतात, रिकामी आहेत का, हा तुमचा प्रश्न. पहिल्या बैठकीतच 'काय दाखवणार, काय नाही' हे लिहून घ्या, आणि ही माहिती भावाच्या वाटाघाटीत वापरणार नाही हे वाक्यही त्यात घाला. व्हिक्सच्या नऊ पायऱ्यांतली पहिली पायरीही अशा कराराचीच आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच गाळली जाते.

पैशांबद्दल. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवस, अशी मुदत आहेच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या ४३-बी (एच) कलमामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मार्च जवळ आला की आमचे अकाउंट्सवाले स्वतःहून यादी घेऊन येतात. तुमचं उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र गिऱ्हाइकाकडे नोंदवलेलं आहे ना, तेवढं बघा.

सहीचा अधिकार परचेस हेडला नसतो, हे खरं. आम्ही तो प्लँट हेड आणि फायनान्स यांच्याकडून घेतला. मागच्या वर्षभरात जास्तीच्या भाड्यावर आणि भंगारात गेलेल्या कास्टिंगांवर किती खर्च झाला, ते एका पानावर मांडून नेलं होतं. फायनान्सला ते पान लगेच कळलं.

किराणा ते कॉस्मेटिक (लातूर)

मी स्टॉकिस्ट आहे, साबण-तेल-बिस्किटांच्या तीन-चार कंपन्यांचा. आमच्याकडे शेड्यूल नसतं, टार्गेट असतं. पण दुखणं सारखंच आहे.

कंपनी आम्हाला विकते ती प्रायमरी, आम्ही दुकानदाराला विकतो ती सेकंडरी. कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा पगारवाढीचा हिशोब वर्षानुवर्षं प्रायमरीवर. त्यामुळे २५ तारखेनंतर फोन सुरू: 'शेठ, दोन लाखांचं बिल करू द्या, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू.' माल गोडाऊनला येतो, पुढचे पंधरा दिवस आम्ही काही मागवत नाही, आणि वर कंपनीच्या कारखान्याला वाटतं लातूरची मागणी महिनाअखेरीला उसळते. लातूरचा माणूस महिनाअखेरीला जास्त अंघोळ करतो का? ती उसळी टार्गेटची आहे, गिऱ्हाइकाची नाही.

एका कंपनीने हे बदललं. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून रोजची सेकंडरी थेट त्यांच्याकडे जाते आणि तेवढाच माल भरून येतो. माझा साठा निम्म्याच्या आसपास आला, गोडाऊनमधली एक खोली रिकामी झाली, आणि मुदत संपलेल्या मालाची कटकट कमी झाली. सुरुवातीला भीती वाटली होती, की माझ्या दुकानदारांची यादी कंपनीकडे गेली तर मला बाजूला सारतील. म्हणून दुकानाचं नाव न पाठवता नुसता बीट (विक्रीच्या फेरीचा भाग) आणि नग पाठवायचं ठरलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कंपनीचा संगणक मागच्या वर्षीच्या महिन्यावरून या वर्षीचा महिना काढतो. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. उटणं, सुगंधी तेल, मोती साबण या मालाची सगळी खरेदी दिवाळीच्या आधीच्या दोन-अडीच आठवड्यांत होते. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली की माल तीन आठवडे आधी येऊन पडतो, आणि ऐन गर्दीत कंपनीची गाडी रिकामी. अधिक महिन्यात लग्नंही नसतात, त्याचाही फरक पडतो.

दुसरी गोष्ट सोयाबीन. आमच्या भागात दिवाळीच्या खरेदीचा पैसा सोयाबीनच्या पट्टीतून (आडत्याकडून मिळणाऱ्या विक्रीच्या पैशांतून) येतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला, किंवा भाव पडून शेतकऱ्याने माल घरात ठेवला, की खेड्यातला दुकानदार मोठा पॅक सोडून पाच-दहा रुपयांचा पॅक मागतो. हे मला आडतीत सकाळी चहा पिताना कळतं. मुंबईतल्या प्लॅनिंगवाल्याला ते दीड महिन्याने आकड्यात दिसतं. जून-जुलैमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा त्यांनी आम्हा स्टॉकिस्टांना नुसतं विचारलं तरी त्यांचा अंदाज सुधारेल. ज्या कंपनीने सेकंडरी घेतली, ती आता विचारते. पॅकच्या साईजचं वाटप त्यावरून बदलते, आणि ते बरोबर येतं.

मृण्मयी_एमबीए

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काढले. आमच्या वर्गात एमआयटीचा बिअर गेम खेळवला होता, चार जणांची साखळी: किरकोळ, घाऊक, वितरक, कारखाना. तिथे मला वाटलं होतं की बोलायची परवानगी मिळाली की प्रश्न सुटला. भोसरीकर काकांचं वाचून कळलं की बोलणाऱ्याला त्यातून तोटा होणार असेल तर तो खरं बोलणारच नाही. शेतमालात असं कुठे होतं का? तिथे तर उत्पादन आधीच ठरलेलं असतं.

गेवराईचा ऊसवाला

होतं, आणि साखर कारखानदारीत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही.

उसाची लागण झाली की शेतकी विभागाकडे नोंद होते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. आडसाली असेल तर जून ते ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि मग खोडवा (तोडणीनंतर त्याच खोडातून पुन्हा फुटलेला ऊस). त्या तारखांवरून तोडणीचा कार्यक्रम बसतो: कुठल्या पंधरवड्यात कुठल्या गटातला ऊस, किती टोळ्या, किती गाड्या. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला पाहिजे, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणजे शेतकरी, मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना यांनी एकच तारीख धरली तरच सगळ्यांचं भागतं. जिथे हा कार्यक्रम प्रामाणिकपणे पाळला जातो तिथे चिटबॉयच्या (तोडणीची चिठ्ठी देणाऱ्याच्या) मागे फिरायची वेळ शेतकऱ्यावर येत नाही.

आता हे मोडलं की काय होतं ते २०२१-२२ च्या हंगामात आम्ही बघितलं. आधीची वर्षं पाऊस चांगला, पाणी होतं, लोकांनी ऊस वाढवला. राज्यात साखर सुमारे १३७ लाख टन झाली, विक्रमी. तरी मे उजाडला आणि बीड, जालना भागात ऊस उभाच. तुरे आलेले, आतून पोकळ पडत चाललेला, वजन घटत चाललेलं. हंगाम जूनपर्यंत ओढावा लागला आणि सरकारला वाहतुकीचं आणि उतारा घटीचं अनुदान जाहीर करावं लागलं.

वर 'आकडेमोड' यांनी चौथं कारण लिहिलंय, टंचाईत दोन ठिकाणी ऑर्डर नोंदवण्याचं. आमच्याकडे तेच उलट्या अंगाने होतं. ऊस जाईल की नाही याची भीती असली की शेतकरी एकच फड दोन-तीन कारखान्यांकडे नोंदवतो. कुठल्या तरी एकाने न्यावा एवढीच त्याची इच्छा. मग प्रत्येक कारखान्याच्या वहीत ऊस जास्त दिसतो. दुसरीकडे बराच ऊस कुणाकडेच नोंदलेला नसतो. एकेका कारखान्याचा कार्यक्रम कागदावर बरोबर आणि जिल्ह्याची बेरीज साफ चुकलेली. कारण या वह्या कुणी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्याच नाहीत. त्यानंतर साखर आयुक्तालयाने शेतकऱ्याला मोबाईलवरून नोंद करता येईल असं ॲप आणलं, ते योग्यच झालं. पण माझ्या मते शेजारच्या कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एकत्र बसून दुबार नोंदी काढल्या पाहिजेत, आणि कुणाची गाळप क्षमता कमी पडतेय हे तेव्हाच बोललं पाहिजे. मे महिन्यात बोलून काय उपयोग? मृण्मयीताई, उत्पादन ठरलेलं असतं हे बरोबर. पण ते कुठल्या कारखान्याच्या गव्हाणीत जाणार हे ठरलेलं नसतं, आणि नुकसान तिथेच होतं.

नोव्हायचा पाटील

मी मिशिगनला एका सीट बनवणाऱ्या कंपनीत मटेरियल प्लॅनर आहे, आधी पिंपरीत होतो. भोसरीकर यांनी विचारलेल्या सहीच्या प्रश्नाला इकडे एक रुळलेलं उत्तर आहे, ते सांगतो.

इथे वाहन कंपनी दर आठवड्याला पुरवठादाराला एक रिलीज, म्हणजे मागणीचं पत्रक पाठवते. त्यात पुढच्या बऱ्याच आठवड्यांचे आकडे असतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. दोन रेषा आखलेल्या असतात. पहिली फॅब ऑथोरायझेशन: इथपर्यंतच्या आठवड्यांचा माल तुम्ही बनवला आणि आम्ही उचलला नाही, तरी तयार मालाचे पैसे आमचे. दुसरी रॉ मटेरियल ऑथोरायझेशन: इथपर्यंतचा कच्चा माल तुम्ही आणला असेल तर त्याची जबाबदारी आमची. त्यापलीकडचे आकडे फक्त अंदाज. रेषा किती आठवड्यांवर, हे ज्याच्या-त्याच्या करारावर आणि पार्टवर अवलंबून.

दुसरी सोय म्हणजे सगळे आकडे एकत्रित चढत्या बेरजेत असतात, 'क्युम' म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीपासून एकूण किती पाठवायचे आणि एकूण किती पाठवले. त्यामुळे मागच्या महिन्याचे राहिलेले नग या महिन्यात धरले की नाही, हा वाद उरत नाही. दोघांची क्युम जुळली नाही की त्याच आठवड्यात कळतं.

ही पद्धत असूनही सगळं सुरळीत होतं असं नाही. २०२० च्या वसंतात कारखाने बंद पडले तेव्हा वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी झपाट्याने कमी केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप-फोनवाल्यांना दिली. गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परत आली तेव्हा चिप मिळायला महिनोन्‌महिने लागत होते, कारण एक वेफर (चिप ज्यावर बनतात ती चकती) पूर्ण व्हायलाच कित्येक आठवडे जातात. इथल्या मैदानांत अर्धवट गाड्या उभ्या होत्या. टोयोटाला पहिल्या काही महिन्यांत तुलनेने कमी झळ बसली. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी पुरवठादारांशी बसून ठरवलं होतं, की दोन ते सहा महिन्यांच्या चिपचा साठा ठेवायचा. जस्ट इन टाइमसाठी (लागेल तेव्हाच माल आणण्यासाठी) ओळखली जाणारी कंपनी साठा ठेवा म्हणते, कारण कुठल्या मालाला किती वेळ लागतो हे त्यांनी खालच्या थरापर्यंत जाऊन विचारलं होतं. मला वाटतं एकत्र नियोजनाचा हाही फायदाच: साठा कुठे कमी करायचा हे जसं कळतं, तसं कुठे मुद्दाम ठेवायचा हेही कळतं.

भोसरीकर

पाटील साहेब, ही दोन रेषांची गोष्ट फार आवडली. आमच्याकडे निदान कच्च्या मालाची रेषा तरी मागता येईल. पुढच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाशी रेट काँट्रॅक्टची बैठक आहे, तिथे मांडतो. सगळ्या पार्टसाठी मागितलं तर ते ऐकणार नाहीत. सुरुवात कुठल्या पार्टपासून करू?

एक जुनी गोष्टही सांगतो, याच विषयातली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम लागू झाला आणि दुचाकींमधला कार्ब्युरेटर बहुतांशी जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधी जुन्या पार्टचा शेवटचा लॉट किती करायचा हे एका गिऱ्हाइकाने सहा महिने आधी बसून ठरवलं, दर महिन्याला आकडा खाली आणत नेला, आणि उरलेल्या बार-मालाचं काय करायचं तेही लिहून दिलं. दुसऱ्याने मार्चपर्यंत शेड्यूल चालूच ठेवलं. पहिल्याचं माझ्याकडे जवळजवळ काही उरलं नाही. दुसऱ्याचा माल अजून रॅकवर आहे.

शेड्यूलवाली (चाकण)

भोसरीकर दादा, सुरुवातीसाठी असे पार्ट घ्या ज्यांची मागणी बऱ्यापैकी नियमित आहे पण कच्चा माल यायला वेळ लागतो. खास ग्रेडचा किंवा वेगळ्या व्यासाचा बार, जो तुम्हाला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. तिथे तुमची जोखीम सगळ्यात जास्त आणि गिऱ्हाइकालाही ते लगेच पटतं. ज्याचं ड्रॉइंग वर्षभरात बदलणार आहे तो पार्ट पहिल्या फेरीत नको. बाजारात सहज मिळणाऱ्या बार-मालासाठीही हा हट्ट धरू नका.

बैठकीला जाताना त्या पार्टची मागच्या बारा महिन्यांची एक शीट न्या, चारच रकाने: दोन महिने आधी आलेलं टेंटेटिव्ह, एक महिना आधीचं टेंटेटिव्ह, पक्कं शेड्यूल, आणि प्रत्यक्ष उचल. सरासरी चूक किती टक्के हे काढाच, पण त्याहून जास्त बघा ते चूक एकाच दिशेला आहे का. कधी वर कधी खाली असेल तर थोड्या साठ्याने भागतं. बाराही महिने टेंटेटिव्ह उचलीपेक्षा जास्तच असेल, तर कुणीतरी तो आकडा फुगवतंय, आणि हे टेबलावर शांतपणे दाखवता येतं. आम्ही आमच्या वाहन कंपनीला हीच शीट दाखवली होती. त्यांच्या प्लॅनिंगवाल्याने स्वतःच बघून सांगितलं, की दोन व्हेरियंटचे आकडे सेल्सच्या टार्गेटवरून थेट येत होते.

किराणा ते कॉस्मेटिक, तुमचा दिवाळीच्या तारखेचा मुद्दा मी आमच्या दुचाकीवाल्या गिऱ्हाइकाकडे नेतेय. त्यांचाही दसरा-दिवाळीचा बिल्ड-अप असतो, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळी पुन्हा नोव्हेंबरमध्ये आहे. फाउंड्रीसाठी तो माल ऑगस्टमध्येच ओतायला घ्यावा लागतो. पाटील, रिलीजमधल्या त्या दोन रेषांचं मराठी किंवा साध्या इंग्रजीतलं नमुना कलम देता येईल का? गिऱ्हाइकाचं नाव काढून, नुसती वाक्यरचना पुरे.